सिकलसेल : दोष रक्तातला आणि दोष व्यवस्थेतला



संत्र्याची दोन कलमे एकाच रोपवाटिकेतून आणली. दोन्ही जंबेरीच्या खुंटावरच बांधलेली. एक निचऱ्याच्या जमिनीत लावले, दुसरे पाणी साचणाऱ्या चिबड जमिनीत. काही वर्षांनी दुसऱ्याला डिंक्या लागला. म्हणून कोणी “या कलमाची जातच वाईट” असे म्हणत नाही. जाणता बागाईतदार आधी जमीन पाहतो, चर खणून पाण्याला वाट देतो.

माणसाच्या आजाराबाबत मात्र आपण लगेच जातीवर बोट ठेवतो. कापूस वेचायला येणारी गोंड बाई वरचेवर आजारी पडते, तिचे मूल पिवळे पडते, आणि “त्यांच्यात असतेच ते” असे म्हणून आपण मोकळे होतो. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे आज सिकलसेल या रोगाच्या निमित्ताने पाहू.

रोग काय आहे?

रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. सिकलसेलच्या रोग्यात त्या कडक होऊन विळ्यासारख्या वाकतात. ‘सिकल’ म्हणजे विळा. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. वाकलेली पेशी 10 ते 20 दिवसांतच मरते. म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे, छाती व पोट यांत असह्य कळा येतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजणे हे पुष्कळदा पहिले लक्षण असते.

हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एकत्र राहण्याने लागत नाही. तो आईबापांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल ‘वाहक’ होते. वाहक सहसा धडधाकट असतो व सर्व कामे करू शकतो. दोघांकडूनही दोष आला तर मूल ‘रोगी’ होते. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रोगी होण्याचा संभव चारात एक असतो.

हा दोष आला कोठून?

हिवतापातून. ज्या प्रदेशांत पिढ्यानपिढ्या हिवतापाचा जोर होता, तेथे सिकलसेलचे वाहक अधिक संख्येने जगले, कारण वाहकाला लहानपणी हिवतापाने मरण्याची भीती कमी असते. ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत हे 1954 साली दाखवून दिले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा आणि आपला मध्य भारत या सर्व ठिकाणी हा दोष आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. आपल्या मध्य भारतात तो गोंडांत आहे, तसाच इतर आदिवासींत, अनुसूचित जातींत व काही इतर मागास जातींतही आहे.

तेव्हा हा शाप नव्हे आणि ‘हलके रक्त’ही नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही गोष्टी नाकारल्या, हे आपण विसरू नये.

मग मरण कोणाच्या वाट्याला?

रक्तातला दोष निसर्गाने दिला. पण त्यापायी कोण मरतो आणि कोण साठीपर्यंत जगतो, हे निसर्ग एकटा ठरवीत नाही. रोग्याला भरपूर पाणी, ऊब, विश्रांती, सकस अन्न आणि ताप येताच दवाखाना लागतो. डोंगराकडच्या ढान्यावर पाणी दुरून आणावे लागते. घर कुडाचे, पावसात गळणारे, हिवाळ्यात थंडगार. रोजंदारी बुडाली तर चूल पेटत नाही, म्हणून मुलाला घेऊन सौंसर, छिंदवाडा किंवा नागपूर गाठणे उद्यावर जाते. त्या एका दिवसात जंतू रक्तात पसरतात. मूल गेले की लोक म्हणतात, तापाने गेले. रोगाचे नावही कोणाला कळत नाही.

ही स्थिती एका रोगापुरती नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यात एक तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी होते. देशात 2019 ते 2021 या काळात झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत दर हजार बालकांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी 42 होती. आदिवासींत हाच आकडा 50 होता. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2018 साली दिलेल्या अहवालानुसार क्षयरोगाचे प्रमाण आदिवासींत लाखामागे 703, तर इतरांत 256. क्षयरोग रक्तातून वारशाने येत नाही. अंधाऱ्या कोंदट घरात व अर्धपोटी शरीरात तो फावतो. म्हणजे घर, मजुरी आणि आरोग्य ही एकाच दोरीची तीन पेडे आहेत.

परदेशातील धडा

अमेरिकेत हा रोग 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी प्रथम नोंदविला. रोगी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला एक काळा विद्यार्थी होता. पुढे हा ‘काळ्यांचा रोग’ ठरला आणि दुर्लक्षित राहिला. त्यासाठी खास कायदा 1972 साली झाला. पण तपासण्या सुरू झाल्या तेव्हा वाहक म्हणजे कोण व रोगी म्हणजे कोण हे लोकांना नीट समजावले गेले नाही, आणि निरोगी वाहकांनाही काही ठिकाणी नोकरी व विमा नाकारला गेला. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे सुरू झाले. 2047 पर्यंत रोग हटविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीबरोबर समजूत पसरली नाही, तर अमेरिकेतील चूक आपल्या गावातही होईल.

आपण काय करावे?

1. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. बोटातील थेंबभर रक्ताने प्राथमिक चाचणी होते. दोष दिसल्यास पक्की चाचणी करावी.

2. लग्न ठरविण्यापूर्वी दोन्हीकडचे अहवाल पाहावेत. वाहक असणे हा मुलीचा किंवा मुलाचा कमीपणा नव्हे. दोघेही वाहक निघाल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच निर्णय करावा.

3. रोगी मुलास डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पेनिसिलीन, फॉलिक ॲसिड, लसी व हायड्रॉक्सीयुरिया द्यावे. बरे वाटले म्हणून औषध बंद करू नये. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

4. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पोट एकाएकी फुगणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगारा-धुपाऱ्यात रात्र घालवू नये.

5. आपल्याकडे कामाला येणारा माणूस रोगी असेल तर त्याला हिवाळ्यात रात्रीच्या ओलिताला धाडू नये. उन्हात पाठीवर फवारणीचा पंप देऊ नये. शेतात प्यायचे पाणी हाताशी ठेवावे.

6. तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये. औषधाइतकीच ही मदत मोलाची आहे.

7. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्राचा अर्ज भरण्यास शिकलेल्या तरुणांनी मदत करावी.

8. रोग्यांना वारंवार रक्त लागते. रक्तदान करावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

आपल्या शेतावर येणाऱ्या मजुराचे घर आपण कधी आतून पाहिले आहे काय? त्याच्या मुलाला रात्री ताप आला तर गाडी कोणाची मिळेल?

चिबड जमिनीला चर खणला की तीच जमीन फळ देते. शेताचा चर आपण स्वतः खणतो. गावाचा चरही आपल्यालाच खणावा लागेल.