अख्खा डेस्कटॉप नको, फक्त कामाचा आयकॉन द्या



दुसरी शाखा काढायचं स्वप्न प्रत्येकाचं असतं. पण शाखा निघाली की पहिला प्रश्न येतो हिशेबाचा. आजच्या धड्यात तोच सोडवू.

उदाहरण आपल्या जामखेडचंच घेऊ. समजा, नगर रोडला तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे, खर्ड्याला दुसरं काउंटर आहे आणि तुमचे सीए नगरला बसतात. टॅली जामखेडच्या सर्व्हरवर आहे. खर्ड्याच्या मुलाला बिल करता यावं म्हणून तुम्ही त्याला रिमोट डेस्कटॉप दिला.

आता होतं काय? त्याच्यासमोर दोन डेस्कटॉप येतात, एक त्याच्या कॉम्प्युटरचा आणि एक सर्व्हरचा. तो बिलाची पीडीएफ सेव्ह करतो, पण ती सापडत नाही, कारण ती सर्व्हरच्या डेस्कटॉपवर पडलेली असते. त्यात कुणी त्याला ॲडमिनचे हक्क दिले असतील तर संपलंच. संध्याकाळी सवयीने 'शट डाउन' दाबलं की जामखेडचं बिलिंग बंद!

यात त्या मुलाची चूक नाही. काम दिलं बिल करायचं आणि हातात दिल्या अख्ख्या दुकानाच्या किल्ल्या. चूक आपली आहे.

मग उपाय काय?

उपायाचं नाव रिमोटॲप. मायक्रोसॉफ्टने ही सोय विंडोज सर्व्हर २००८ मध्ये आणली. यात प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालतो, पण समोरच्या माणसाला फक्त त्या प्रोग्रॅमची खिडकी दिसते. त्याच्या स्टार्ट मेनूत टॅलीचा आयकॉन येतो, तो दाबला की टॅली उघडते. दुसरा डेस्कटॉप दिसतच नाही.

लाइनवरून जातं ते स्क्रीनचं चित्र आणि कीबोर्ड-माउसच्या खुणा. हिशेबाची फाइल जामखेडमध्येच राहते. खर्ड्याची लाइट गेली तरी अर्धवट बिल सर्व्हरवर उघडंच असतं. पुन्हा जोडलं की तिथूनच पुढे सुरू. मात्र सर्व्हरला चांगला यूपीएस हवा, तो बंद पडला तर सगळेच थांबतील.

सेटिंग कसं होतं?

हे काम जाणकाराकडून करून घ्या. पण त्याला काय सांगायचं, ते तुम्हाला माहीत हवं.

१. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसवायच्या. पूर्ण मांडणीसाठी डोमेनही लागतं.

२. सर्व्हर मॅनेजरमध्ये कलेक्शन तयार करून 'पब्लिश रिमोटॲप प्रोग्रॅम्स'मधून फक्त लागणारे प्रोग्रॅम निवडायचे.

३. कुणाला काय दिसेल ते ठरवायचं. खर्ड्याच्या काउंटरला टॅली, सीएंना टॅली आणि एक्सेल. प्रत्येकाचं युजरनेम वेगळं हवं. एकच पासवर्ड तिघांत फिरवू नका.

४. काउंटरचा प्रिंटर जोडून बघायचा. बिल खर्ड्याच्या प्रिंटरवर निघालं पाहिजे, जामखेडच्या नाही.

५. तुटलेलं सेशन किती वेळाने बंद व्हावं, ते ठरवायचं. नाहीतर कुणीच बसलेलं नसतं आणि टॅलीची जागा मात्र अडकून राहते.

इथे लोक फसतात

पहिली गोष्ट, डेस्कटॉप दिसत नाही म्हणजे कुलूप लागलं असं नाही. प्रोग्रॅममधल्या 'ओपन' किंवा 'सेव्ह'च्या खिडकीतून माणूस सर्व्हरच्या इतर फोल्डरांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून फोल्डरांचे हक्क वेगळे लावावेच लागतात.

दुसरी गोष्ट, सर्व्हरचं ३३८९ नंबरचं पोर्ट इंटरनेटवर थेट उघडं ठेवू नका. रॅन्समवेअरवाले असेच दरवाजे शोधत असतात. व्हीपीएन किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवे वापरा. आणि रोजचा बॅकअप घ्या, त्याची एक प्रत सर्व्हरपासून वेगळी ठेवा. उधारीची वही गेली तर कुणाकडे किती येणं आहे, हे गिऱ्हाइकालाच विचारावं लागेल!

तिसरी गोष्ट लायसन्सची. सर्व्हरचं लायसन्स, युजर किंवा डिव्हाइसप्रमाणे रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स आणि एकाच वेळी अनेकांनी वापरायची टॅली, हे सगळे वेगवेगळे खर्च आहेत. सुरुवातीला १२० दिवस रिमोट डेस्कटॉपच्या लायसन्सशिवाय चालतं, म्हणून 'फुकटात झालं' असं वाटतं. मुदत संपली की जोडणी बंद. साध्या विंडोजवर जुगाड करून एकाच वेळी तिघं बसवून देणारेही भेटतील. ते लायसन्सच्या अटींत बसत नाही आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर बंद पडू शकतं. धंदा अशा पायावर उभा करू नका.

तुम्हाला याची गरज आहे का?

एकच दुकान, एकच कॉम्प्युटर असेल तर अजिबात नाही. दोन-तीन ठिकाणी एकच हिशेब लागत असेल तर आहे. स्वतःचा सर्व्हर झेपत नसेल तर महिन्याच्या भाड्यावर क्लाउडवरची टॅली मिळते. फक्त आधी विचारा: बॅकअप कोण घेणार? सेवा सोडली तर माझा डेटा मला कसा मिळणार? उत्तर लेखी घ्या.

जामखेडकरांना हा विचार नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा गावोगावी हॉस्पिटलं बांधली नाहीत. गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून शिकवलं. रोज लागणारी सेवा दारात आणि मोठी यंत्रणा जामखेडला. आपल्याला हिशेबाचं तेच करायचंय.

आजचा गृहपाठ

एक कागद घ्या. डावीकडे तुमच्या प्रत्येक माणसाचं नाव, उजवीकडे त्याला रोज लागणारे प्रोग्रॅम. लागत नाही ते लिहू नका. सर्व्हरवाल्याला बोलावण्याआधी हा कागद तयार ठेवा. तुमचे निम्मे पैसे कुठे वाचणार, ते त्यावरच दिसेल.

भेटू पुढच्या धड्यात!