पडताळणी कुणी केली आणि कधी?

महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेची फाइल चांगलीच जाड असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जीएनएमची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंगची पदवी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे कागद (परिचारिका म्हणून वेगळा, प्रसाविका म्हणून वेगळा), पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाची पावती, बीएलएस-एसीएलएस या जीवरक्षक प्रशिक्षणांची कार्डं, आधीच्या रुग्णालयांचे अनुभवाचे दाखले, आधार, पॅन. लग्न झालं असेल तर विवाहाचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र. डॉक्टरांच्या फाइलमध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी असते आणि ती टिकवण्यासाठी पाच वर्षांत मिळवायच्या 30 क्रेडिट पॉइंट्सची प्रमाणपत्रं असतात.

ही फाइल मोबाइलवर आणणाऱ्या सॉफ्टवेअरची रचना करण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे. आता या कामात अनेक जण उतरत आहेत, आणि त्याला कारणही आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही तयार होते आहे, 2024 मध्ये डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदवहीचं पोर्टल सुरू झालं, परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा विशिष्ट ओळख क्रमांक आहे आणि डिजिलॉकर तर बहुतेकांच्या फोनमध्ये आहेच. त्यामुळे कागद स्कॅन करा, एका ठिकाणी ठेवा, मुदत संपत आली की संदेश पाठवा, एवढंच काम आहे असं वाटतं. मागणी घेऊन येणारी रुग्णालयंही तेवढंच सांगतात. हे काम हाती घेणाऱ्यांना मला ठामपणे सांगायचं आहे की कागद साठवणं हा यातला सर्वात सोपा भाग आहे. या कागदावर कुणाच्या तरी शब्दाने विश्वास ठेवला जाणार आहे. तो शब्द कुणाचा, कधीचा आणि तो चुकीचा निघाला तर विचारायचं कुणाला, याची रचना करणं हे खरं काम.

ब्रिटनमधलं झोलिया अलेमी हिचं प्रकरण या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाची बनावट पदवी दाखवून तिने 1995 मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी मिळवली आणि जवळपास दोन दशकं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केलं. 2023 मध्ये तिला सात वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्या काळात तिला नोकरी देणाऱ्या रुग्णालयांनी नोंदवही पाहिली असेल तर त्यांना उत्तर बरोबरच मिळालं असणार, कारण नोंदवहीत तिचं नाव होतं. पण पदवी खरंच दिली का हे जिथून कळलं असतं त्या विद्यापीठाला सुरुवातीलाच नीट विचारलं गेलं नाही.

अमेरिकेतलं फ्लोरिडाचं प्रकरण याहून अवघड आहे. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या तपास यंत्रणांनी नर्सिंगच्या 7,600 हून अधिक बनावट पदविकांचं जाळं उघड केलं. पदविका देणाऱ्या संस्था कागदोपत्री खऱ्या होत्या. सही खरी, शिक्का खरा, शिक्षण मात्र झालेलं नाही. त्या पदविकांच्या आधारे परवाना परीक्षेला बसून काही जण उत्तीर्णही झाले. अशा संस्थेने आपल्या प्रणालीत डिजिटल सही करून पदविका पाठवली असती तर प्रणालीने ती बिनतक्रार स्वीकारली असती. डिजिटल सही एवढंच सांगते की हा दस्तऐवज अमुक संस्थेने दिला आणि वाटेत कुणी बदलला नाही. त्या संस्थेने वर्ग घेतले का, मुलींना वॉर्डात उभं केलं का, हे ती सांगू शकत नाही. ‘ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे खरं आहे’ असं सांगणारा विक्रेता भेटला की हे प्रकरण आठवावं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की पडद्यावर नुसतं ‘पडताळलेलं’ असं कधीही लिहू नका. प्रत्येक नोंदीखाली तीन गोष्टी साध्या मराठीत दिसल्या पाहिजेत: कुणाला विचारलं, कोणत्या तारखेला विचारलं आणि कसं विचारलं. ‘परिषदेच्या नोंदवहीत पाहिलं’, ‘विद्यापीठाकडून पत्र आलं’, ‘उमेदवाराने फोटो चढवला, अजून कुणालाही विचारलेलं नाही’ ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि त्यांना एकच बरोबरची खूण देणं धोक्याचं आहे. डिजिलॉकरमध्येही हा फरक आहे. संस्थेने थेट दिलेल्या दस्तऐवजाला 2016 च्या नियमांनुसार मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. त्याच लॉकरमध्ये आपण स्वतः चढवलेल्या फोटोला ती नाही. फोनवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि घाईत असलेला एचआरमधला माणूस दोन्ही सारखेच मानतो.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले तो सांगते. एका रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा आग्रह होता की नोंदणीची मुदत संपली की त्या परिचारिकेचं नाव ड्युटी रोस्टरमधून आपोआप निघावं आणि तिचं लॉगिनही बंद व्हावं. बैठकीत हे फार शिस्तीचं वाटलं. नाव हिरवं असेल तर ड्युटी, लाल असेल तर नाही. अतिदक्षता विभागातल्या एका अनुभवी सिस्टरने नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला होता, शुल्क भरलं होतं, पावती तिच्या पर्समध्ये होती. परिषदेकडून नवीन प्रमाणपत्र यायचं होतं. प्रणालीत पावतीसाठी जागाच नव्हती. महिनाअखेरीला ती रात्रपाळीवर होती. बारा वाजले, नाव लाल झालं आणि औषधांच्या नोंदी करायचं तिचं लॉगिन बंद पडलं.

तिच्या देखरेखीखालचा रुग्ण व्हेंटिलेटरवर होता आणि रक्तदाब टिकवायचं औषध पंपावर चालू होतं. ती रुग्णाला सोडून जाणार नव्हती, जाऊही नये. शेवटी इन्चार्ज सिस्टरने स्वतःचं लॉगिन उघडून दिलं आणि पहाटेपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्या नावाने झाल्या. म्हणजे रुग्णाला औषध कुणी दिलं हे खात्रीने कळावं म्हणून जी व्यवस्था उभी केली, तिनेच त्या रात्री कायदेशीर नोंदीत चुकीचं नाव लिहवून घेतलं. सकाळी मेमो मिळाला तो दोघींना. ज्या बैठकीत हा नियम ठरला तिथल्या कुणालाही नाही.

मला यातली सर्वात क्लेशकारक गोष्ट ही वाटते की त्या रात्री रुग्णासाठी काहीच बदललं नव्हतं. बारा वाजण्याआधी त्या सिस्टरच्या हातात जे कौशल्य होतं तेच नंतरही होतं. बदलली होती फक्त कॅलेंडरवरची तारीख.

तेव्हापासून मी रचनेचा पहिला कागद हातात घेतला की आधी अवस्था मांडते. नोंदणी चालू आहे. मुदत संपत आली आहे. अर्ज केला, पावती आहे, परिषदेचं उत्तर यायचं आहे. मुदत संपली आणि अर्जही नाही. परिषदेने निलंबित केलं. निलंबनाला वरच्या प्राधिकरणाने किंवा न्यायालयाने स्थगिती दिली. आणि सगळ्यात महत्त्वाची अवस्था म्हणजे आम्ही विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून आम्हाला माहीत नाही. परिषदेचा सर्व्हर बंद असेल तर दोष सर्व्हरचा, त्याची शिक्षा परिचारिकेला होता कामा नये. या सात अवस्था दोन रंगांत बसत नाहीत. बसवल्या तर कुणावर तरी अन्याय होतो किंवा कुणीतरी सुटून जातं. शिवाय वॉर्डातले तक्ते काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर निघून नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर चिकटतात. तिथे लाल आणि हिरवा दोन्ही करडे दिसतात. अवस्था शब्दांत लिहा.

निलंबनाच्या बाबतीत प्रणालीने लगेच अडवावं, त्यात हयगय नको. मात्र मुदत संपण्याच्या बाबतीत पाळी चालू असताना कुणाचंही लॉगिन तोडू नये आणि निर्णय माणसाने घ्यावा. तो माणूस रात्री दोन वाजता फोन उचलणारा असावा आणि त्याचं नाव पडद्यावर असावं. बहुतेक ठिकाणी ती व्यक्ती म्हणजे मेट्रन किंवा त्या रात्रीच्या नर्सिंग सुपरवायझर. त्यांनी परवानगी दिली तर कारणासकट ती नोंदली जावी. बीएलएसच्या कार्डाची दोन वर्षांची मुदत संपणं आणि परिषदेची नोंदणी संपणं यांनाही एकाच पातळीवर ठेवू नका. पहिली नोकरीची अट आहे, दुसरी व्यवसाय करण्याचा कायदेशीर आधार.

नावांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक अश्रू इथेच जातात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पदविकेवर क्रम वेगळा. परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेत आणखी तिसरंच. काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. रोमन लिपीत ‘वैशाली’ किती तऱ्हांनी लिहिली जाते ते कोणत्याही आस्थापना विभागात विचारून पाहा. केरळमधून आलेल्या सिस्टर मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे आधी केरळच्या परिषदेची नोंदणी असते, मग तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इथली. त्यांच्या नावात आडनावाच्या जागी अनेकदा एखादं आद्याक्षर किंवा वडिलांचं नाव असतं. आणि पुढची पिढी येईल तेव्हा आईचं नावही मधे असेल, कारण 1 मे 2014 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचं नाव लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने लागू केला आहे.

नावं जुळली नाहीत की संगणक ‘विसंगती’ म्हणतो आणि एचआरमधला नवखा मुलगा त्याचा अर्थ ‘संशयास्पद’ असा घेतो. वीस-पंचवीस वर्षं सेवा झालेल्या सिस्टरला ‘तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा’ असं सांगितलं जातं. हे थांबवणं आपल्या हातात आहे. ‘पूर्वीचं नाव’ मुभा म्हणून नको, मूळ रचनेतच हवं. एका व्यक्तीला अनेक नावं, प्रत्येक नावाला कालावधी आणि आधाराचा कागद. जुळणी आधी नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि परिषद यांवरून करा, नाव शेवटी पाहा. मोबाइलवर विसंगतीचा संदेश जाणार असेल तर त्यात आरोपाचा सूर नको. ‘पदविकेवर आणि आधारवर नाव वेगळं दिसतं. लग्नानंतर बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाहाचा दाखला जोडा’ एवढं पुरे.

फोन नंबरचंही तसंच. आखाती देशांत नोकरी लागलेल्या परिचारिकेचं इथलं सिम काही महिन्यांत बंद पडतं आणि तिची सगळी कागदपत्रं त्या सिमवर येणाऱ्या ओटीपीच्या कुलपात राहतात. दुबई किंवा दोहामधलं प्राधिकरण मूळ संस्थेकडून पडताळणी मागतं तेव्हा वेळ मोजका असतो. नंबर बदलण्याचा सुरक्षित मार्ग पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यात ईमेल, पारपत्र आणि एखाद्या माणसाशी बोलण्याची सोय असावी.

प्रिव्हिलेजिंगबद्दल थोडक्यात. नोंदणी आहे म्हणून प्रत्येक शल्यचिकित्सकाने प्रत्येक शस्त्रक्रिया करावी असं नसतं. कुणाला कशाची परवानगी, हे त्या त्या रुग्णालयाने ठरवायचं असतं आणि रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत ते स्वतंत्रपणे मागितलं जातं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते नोंदणीच्या खाली एखाद्या रकान्यात कोंबलेलं असतं. शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टरला सकाळी सात वाजता हीच माहिती लागते, तेव्हा तिला वेगळा, एका बोटाने उघडणारा पडदा द्या.

शेवटचा मुद्दा मालकीचा. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवून परिचारिकांना नोकरी सोडू न देण्याची वाईट प्रथा आपल्याकडे अनेकांनी सोसली आहे. डिजिटल फाइल रुग्णालयाच्या खात्यात ठेवली की तीच प्रथा नव्या रूपात परत येते. फाइल व्यक्तीच्या खात्यात असावी, रुग्णालयाला ती पाहण्याची परवानगी असावी आणि नोकरी संपली की ती परवानगी संपावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, जवळपास तितकंच ती मागे घेणं सोपं असायला हवं. मी पाहिलेल्या कित्येक ॲपमध्ये संमती द्यायला एक बटण असतं आणि काढायला ‘एचआरशी संपर्क साधा’. रुग्णालयाला परिषदेची तपासणी किंवा खटला यांसाठी जे ठेवणं कायद्याने भाग आहे, त्याची यादी वेगळी करा आणि ती परिचारिकेला दाखवा.

रुग्णालयांच्या संचालकांना आणि अशी उत्पादनं घडवणाऱ्या तरुण मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. कोणत्याही नोंदीला ड्युटी, पगार किंवा लॉगिन जोडण्याआधी आठवडाभर रात्रपाळीच्या वॉर्डात बसा आणि तिथल्या इन्चार्ज सिस्टरना विचारा की ही नोंद चुकीची निघाली तर त्या काय करतील. त्यांच्याकडे उत्तर नसेल, तर ती जोडणी करू नका.