दुचाकीवरील बालप्रवासी : वाराणसीच्या रस्त्यांवर कायद्याची कसोटी

सकाळी शाळा भरण्याच्या वेळी वाराणसीतील लहुराबीर, सिगरा किंवा लंका यांपैकी कोणत्याही चौकात एकच दृश्य वारंवार दिसते. मोटारसायकलच्या टाकीवर चार-पाच वर्षांचा मुलगा, त्यामागे वडील, त्यांच्यामागे दप्तर पाठीला लावलेली थोरली मुलगी आणि शेवटी एका बाजूला पाय सोडून बसलेली आई; तिच्या मांडीवर कधी तान्हे मूलही असते. शिरस्त्राण असलेच तर ते बहुधा वडिलांच्याच डोक्यावर. हे दृश्य केवळ काशीचे नाही. पुणे, नागपूर, सोलापूर येथेही ते तितकेच परिचित आहे. परंतु अरुंद गल्ल्या आणि वेगवान वर्तुळाकार मार्ग ज्या शहरात शेजारी शेजारी नांदतात, तेथे या प्रश्नाचे सर्व पैलू एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. म्हणून रस्ते सुरक्षा, बालहक्क आणि कायद्याची अंमलबजावणी या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांसाठी वाराणसीचे उदाहरण उपयुक्त ठरते.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले व त्यांत 1,68,491 व्यक्तींनी प्राण गमावले. मृतांपैकी सुमारे 44.5 टक्के दुचाकीस्वार होते. अठरा वर्षांखालील मृतांची संख्या 9,528 होती. म्हणजे दररोज सरासरी 26 मुले. त्याच वर्षी शिरस्त्राण न वापरणाऱ्या 50,029 व्यक्ती मरण पावल्या व त्यांपैकी 14,337 व्यक्ती चालक नसून सहप्रवासी होत्या. राज्यनिहाय पाहता सर्वाधिक, म्हणजे 22,595 मृत्यू उत्तर प्रदेशात झाले.

या आकड्यांमागे एक आर्थिक वास्तव आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 21 टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती, तर मोटारगाडी केवळ 4.7 टक्के कुटुंबांकडे. बहुसंख्य कुटुंबांसाठी दुचाकी हेच घरातील एकमेव यांत्रिक वाहन असते. शाळा, दवाखाना, बाजार, लग्नकार्य अशा सर्व ठिकाणी मूल त्याच वाहनावरून जाते. त्यामुळे 'मुलांना दुचाकीवर नेऊ नये' असे म्हणणे सोपे असले, तरी पर्याय कोणता, या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय धोरण पूर्ण होत नाही.

वाराणसीची विशेष परिस्थिती

गोदौलिया, मैदागिन आणि चौक या जुन्या भागात वाहनाची गती मुळातच मंद असते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात, जेथे महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, तेथील गल्ल्यांतून तर वाहन जवळजवळ पायी चालण्याच्या वेगाने न्यावे लागते. या संथ गतीमुळे पालकांच्या मनात एक समज घट्ट होतो की, मुलाला पुढे बसवण्यात फारसा धोका नाही. परंतु तेच कुटुंब त्याच बैठकीनिशी बाबतपूर विमानतळाच्या चौपदरी मार्गावर, वर्तुळाकार मार्गावर किंवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 19 वर येते तेव्हा शेजारून ट्रक आणि बस धावत असतात. गल्लीत जडलेली सवय महामार्गावर प्राणघातक ठरू शकते.

याखेरीज अचानक थांबणाऱ्या ई-रिक्षा, रस्त्यात उभे असलेले सांड, श्रावणी सोमवार आणि देवदिवाळीची गर्दी, तसेच डिसेंबर-जानेवारीतील गंगेच्या मैदानातील दाट धुके यांमुळे चालकाला एकाएकी ब्रेक दाबण्याचे प्रसंग येतात. थंडीत शालीत गुंडाळलेले मूल आईच्या कुशीत झोपी जाते. झोपलेल्या मुलाची पकड सुटते आणि वाहन वळताच त्याचा तोल एका बाजूस जातो.

विज्ञान काय सांगते?

प्रौढाला जो आघात सोसता येतो तो बालकाला सोसवत नाही, याची कारणे शरीररचनेत आहेत. नवजात अर्भकाच्या डोक्याची लांबी शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढात हे प्रमाण एक सप्तमांश ते एक अष्टमांश इतके असते. त्यामुळे पडताना मुलाचे डोके आधी खाली जाते. मानेचे स्नायू कोवळे असतात आणि टाळू भरून येण्यास साधारणतः एक ते दीड वर्ष लागते.

दुसरे कारण गतिशास्त्राचे आहे. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. या वेगाने होणारी टक्कर सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारणतः दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी असते. वेग ताशी 60 किलोमीटर झाला तर ही उंची 14 मीटरच्या पुढे जाते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोनपट होते.

'मी मुलाला घट्ट धरले आहे' हा मातेचा विश्वासही याच कसोटीवर तपासावा लागतो. बारा किलो वजनाचे मूल ताशी 40 किलोमीटर वेगाने जात असताना वाहन टक्कर होऊन एक दशांश सेकंदात थांबले, तर मुलाला जागीच धरून ठेवण्यासाठी सुमारे 1,330 न्यूटन बल लागते. हे बल जवळजवळ 136 किलो वजन पेलण्याइतके आहे. कोणत्याही मातेच्या हातांत एवढी ताकद नसते. येथे मायेची उणीव नसते. उणीव असते ती योग्य साधनाची.

टाकीवर बसलेल्या मुलाचा धोका आणखी वेगळा आहे. टक्कर होताच ते हँडल आणि मागून येणारे चालकाचे शरीर यांच्यामध्ये चिरडले जाते. शिवाय त्याच्यामुळे हँडल पूर्ण वळत नाही. स्कूटरच्या पायटाकणीवर उभ्या असलेल्या मुलाचे डोके नेमके हँडलच्या उंचीवर असते.

शिरस्त्राणाचा उपयोग मात्र निर्विवाद आहे. त्यातील फेसाचा थर दबतो, डोके थांबण्यास लागणारा काळ किंचित वाढतो आणि आघाताचे बल कमी होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार शिरस्त्राणामुळे मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूची जोखीम सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची जोखीम सुमारे 69 टक्क्यांनी घटते.

कायद्याची चौकट

यांत्रिक वाहने हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, नोंद क्रमांक 35 मध्ये येतो; पोलीस हा विषय मात्र राज्यसूचीत आहे. म्हणजे कायदा प्रामुख्याने केंद्राचा आणि अंमलबजावणी राज्याची, अशी ही रचना आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 128 नुसार दुचाकीचालकाला आपल्याखेरीज केवळ एकाच व्यक्तीला नेता येते आणि ती व्यक्ती चालकाच्या आसनामागे पक्क्या बसवलेल्या योग्य आसनावरच बसलेली असावी लागते. या तरतुदीत वयाची सवलत नाही. बालक हीदेखील 'व्यक्ती'च आहे. त्यामुळे पती, पत्नी आणि मूल हा तिघांचा प्रवास, तसेच मुलाला टाकीवर बसवणे, या दोन्ही गोष्टी कलमाच्या शब्दांत बसत नाहीत.

2019 च्या सुधारणा अधिनियमाने कलम 129 नव्याने रचले. चार वर्षांवरील प्रत्येक चालक व सहप्रवाशाने प्रमाणित शिरस्त्राण घालणे बंधनकारक झाले. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. चार वर्षांखालील बालकांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार याच कलमाने केंद्राला दिला. त्याच सुधारणेने आलेल्या कलम 194-ग आणि 194-घ मध्ये अनुक्रमे कलम 128 व 129 च्या भंगासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्तीस अपात्रता अशी तरतूद आहे.

या अधिकाराचा वापर करून मंत्रालयाने 15 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 138 मध्ये दुरुस्ती अधिसूचित केली. तिची अंमलबजावणी एक वर्षानंतर व्हावयाची होती. चार वर्षांखालील बालकांसाठी तीन बाबी त्यात सांगितल्या आहेत :

1. बालकाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा वापरावा. बालकाने घालावयाचे जाकीट आणि त्याला जोडलेले, चालकाच्या खांद्यांवरून जाणारे पट्टे असे त्याचे स्वरूप असते. तो हलका, जलरोधक, टिकाऊ व 30 किलोपर्यंत वजन पेलणारा असावा.

2. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकाने डोक्यावर नीट बसणारे शिरस्त्राण किंवा सायकलस्वाराचे शिरस्त्राण घालावे.

3. असे बालक सोबत असताना वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा अधिक नसावा.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. नऊ महिन्यांखालील अर्भकासाठी शिरस्त्राण सांगितलेले नाही. याचा अर्थ ते अर्भक सुरक्षित आहे असा नव्हे. ज्या वयात मान शिरस्त्राणाचा भारही पेलू शकत नाही, त्या वयात दुचाकीचा प्रवास टाळणे हाच विवेकाचा मार्ग होय.

कायदा आणि व्यवहार यांतील अंतर

नियम अस्तित्वात आले तरी काही अडचणी उरतात. नियम 138 नुसार दुचाकी विकत घेताना उत्पादकाने शिरस्त्राण पुरवणे आवश्यक आहे. परंतु लहान मुलाच्या मापाचे शिरस्त्राण व पट्टा कुटुंबाला स्वतंत्रपणे शोधून विकत घ्यावा लागतो. मूल वाढते तसे शिरस्त्राण बदलावे लागते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला हा खर्च जाणवतो.

दुसरी अडचण दोन मुलांच्या कुटुंबाची. केरळमध्ये जून 2023 मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांद्वारे दंड आकारणी सुरू झाली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. बारा वर्षांखालील मुलाला तिसरा प्रवासी म्हणून नेण्याची मुभा मिळावी, अशी मागणी झाली आणि राज्याने अशा प्रकरणी तूर्त दंड न करण्याची भूमिका घेतली. केंद्राने मात्र कायद्यात सवलत देण्यास अनुकूलता दाखवली नाही. एका बाजूला कुटुंबाची गरज आणि दुसऱ्या बाजूला मुलाचा जीव, अशी ही ओढाताण आहे. सवलत दिल्याने दंड टळतो, धोका टळत नाही, हे या वादाचे सार म्हणता येईल.

इतर देशांचा अनुभव मार्गदर्शक आहे. व्हिएतनामने 15 डिसेंबर 2007 पासून सर्व मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले आणि 2010 मध्ये सहा वर्षांवरील मुलांना त्याविना नेणाऱ्या प्रौढांना दंडपात्र ठरवले. फिलिपाइन्सने 2015 मध्ये याच विषयावर स्वतंत्र कायदा केला. वर्दळीच्या व वेगवान रस्त्यावर मुलाला न्यावयाचे तर त्याचे पाय पायटेकूवर सहज पोचले पाहिजेत, त्याचे हात चालकाच्या कमरेभोवती पुरले पाहिजेत आणि त्याच्या डोक्यावर प्रमाणित शिरस्त्राण असले पाहिजे, अशा तीन अटी त्यात आहेत. वयाऐवजी शरीराची क्षमता पाहणारी ही कसोटी कोणत्याही पालकाला घराच्या दारातच लावून पाहता येते.

पुढील दिशा

केवळ दंडाने सवय बदलत नाही. उत्तर प्रदेश शासनाने 1 ते 30 सप्टेंबर 2025 या काळात 'हेल्मेट नाही, तर इंधन नाही' ही मोहीम राज्यभर राबवली. अशा मोहिमांत बालप्रवाशाच्या शिरस्त्राणाचाही समावेश झाल्यास संदेश पूर्ण होईल.

आरोग्य यंत्रणाही मोलाची भूमिका बजावू शकते. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातून प्रसूतीनंतर माता व बालकाला घरी पोचवण्याची विनामूल्य सोय आहे. बाळाचा पहिलाच प्रवास मोटारसायकलवरून होऊ नये, यासाठी ही सोय प्रत्येक कुटुंबाला माहीत असली पाहिजे. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पालकांना चार वाक्यांत हा विषय समजावता येईल. शाळांनी प्रवेशद्वारापाशीच मुलांचे शिरस्त्राण पाहण्याचा प्रघात पाडल्यास त्याचा परिणाम चौकातील पोलिसापेक्षाही अधिक होईल.

तथापि, खरा उपाय सार्वजनिक वाहतुकीत आहे. शाश्वत विकास उद्दिष्ट 3.6 रस्ते अपघातांतील मृत्यू निम्म्याने घटवण्याविषयी आहे, तर 11.2 मुले, महिला व वृद्ध यांच्या गरजा लक्षात घेऊन सुरक्षित व परवडणारी वाहतूक देण्याविषयी. ही दोन उद्दिष्टे परस्परांवर अवलंबून आहेत. घराजवळून वेळेवर बस मिळाली, शाळेपर्यंत निर्धोक पदपथ असला, तर चौघांना एका दुचाकीवर बसण्याची वेळच येणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे रस्ते सुरक्षेसाठी कृतीचे दशक म्हणून घोषित केले आहे, त्यामागेही हाच विचार आहे.

मूल स्वतः वाहन निवडत नाही, आसन निवडत नाही आणि वेगही ठरवत नाही. त्याच्या वतीने हे निर्णय पालक घेतात आणि पालकांपुढील पर्याय बऱ्याच अंशी शासन व समाज ठरवतात. काशीच्या चौकातील त्या टाकीवरच्या मुलाला मागच्या आसनावर, पट्ट्यात आणि शिरस्त्राणात सुरक्षित बसवणे, आणि पुढे जाऊन त्याला बसच्या आसनावर बसवणे, हा विकासाचाच एक मापदंड आहे.

सरावासाठी प्रश्न

1. दुचाकीवरील चार वर्षांखालील बालकांच्या सुरक्षिततेसाठी 2022 च्या नियमांत कोणत्या तरतुदी आहेत? त्यांच्या मर्यादा स्पष्ट करा.

2. 'रस्ते सुरक्षा हा केवळ अंमलबजावणीचा नव्हे, तर सार्वजनिक वाहतुकीचाही प्रश्न आहे.' या विधानाची चर्चा करा.

3. मोटार वाहन अधिनियमातील कलम 128 आणि सामान्य कुटुंबाची प्रवासाची गरज यांतील तणाव कसा सोडवता येईल? सोदाहरण लिहा.