यंत्राच्या स्वरांतील दहा राग

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत असें गांव विरळा, कीं जेथें देवळांतील भजनास किंवा चर्चमधील गीतांस पेटीची साथ नाहीं. ही पेटी आपणांस इतकी घरची वाटते, कीं ती परदेशची आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. तिचा जन्म १८४० च्या सुमारास पॅरिस येथें झाला. पायानें भाता हलवावयाचें तें वाद्य मांडी घालून हातानें वाजविण्याजोगें केलें तें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं. आणि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या केंद्रांतून चक्क हद्दपार केलें! आरोप असा, कीं पेटीचे स्वर जागच्या जागीं खिळलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला साधत नाहींत. ही बंदी १९७१ पर्यंत उठली नाहीं.

हाच आरोप मनांत ठेवून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एक ध्वनिमुद्रिका ऐकावी, अशी माझी इच्छा आहे. तिचें नांव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व इतर वाद्यें वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं ती वाजविली आणि एच.एम.व्ही.नें काढली.

सिंथेसायझर म्हणजे काय, हें आधीं समजून घेऊं. सतारींत तार कांपते, बांसरींत हवा, पेटींत धातूची पातळ पट्टी. सिंथेसायझरमध्यें असें कांपणारें कांहींच नसतें. तेथें विजेचा प्रवाहच ठराविक वेगानें चढउतार करितो, आणि लाउडस्पीकरचा पडदा त्याबरोबर हलून हवेंत लहरी उठवितो. सेकंदास ४४० वेळां चढउतार झाला तर एक स्वर. ८८० वेळां झाला तर तोच स्वर वरच्या सप्तकांतला. या चढउताराची आकृति करवतीच्या दांत्यांसारखी ठेविली, तर नाद तीक्ष्ण होतो. त्यांतील वरच्या लहरी गाळून टाकिल्या, कीं तोच नाद मऊ व गोल होतो. पिठाची चाळणी जाड-बारीक बदलावी, तसें हें गाळणें वादक एक खुंटी फिरवून वाजवितां वाजवितां बदलूं शकतो.

युरोपांत या वाद्यांनीं तोंवर नांव मिळविलें होतें. फ्रान्सच्या झां-मिशेल जार यानें १९७६ सालीं 'ऑक्सिजेन' ही ध्वनिमुद्रिका आपल्या पॅरिसमधील घरींच, स्वयंपाकघरांत थाटलेल्या स्टुडिओंत तयार केली, आणि ती जगभर लाखोंनीं खपली. परंतु जारची रीत सिंग यांस उचलण्यासारखी नव्हती. तेथें अनेक स्वर एकाच वेळीं वाजून थरांवर थर चढतात. आपल्या रागांत खालीं षड्जाचा आधार असतो, आणि त्यावर एकच स्वरपंक्ति चालते. सारी शोभा त्या चालण्यांत.

सिंग यांनीं जपानच्या रोलंड कंपनीचीं तीन वाद्यें घेतलीं. ज्युपिटर-८ हें पट्ट्यांचें मोठें वाद्य, एका वेळीं आठ स्वर देणारें. टीआर-८०८ हें तालाचें यंत्र. तिसरी टीबी-३०३ ही लहानशी पेटी. एकट्यानें सराव करणाऱ्या गिटारवादकास खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेली. तिच्यांत स्वर आधीं भरून ठेवावयाचे, मग ती आपण होऊन वाजते. आणि गंमत अशी, कीं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय तिच्यांत मुद्दाम केलेली आहे. पेटीस जी मींड येत नाहीं म्हणून तिला बाहेर काढिलें, ती या कवडीमोल ठरलेल्या डबींत होती! कवडीमोल म्हणण्याचें कारण, तिला गिऱ्हाईक मिळेना आणि १९८४ मध्यें कंपनीनें ती बनविणेंच सोडून दिलें.

मग राग साधला काय? माझें मत असें, कीं सर्वत्र नाहीं. भैरवांतील कोमल ऋषभ गवयी हळुवार डोलवितो. यंत्राचा ऋषभ तितका डोलत नाहीं. परंतु मालकंसांत ऋषभ व पंचम वर्ज्य आहेत, ललितांत पंचम नाहीं आणि दोन्हीं मध्यम शेजारीं येतात. हे नियम सिंग यांनीं सांभाळले आहेत, आणि खालीं सारखा ठोका पडत असतांही रागाचें तोंड ओळखूं येतें. पांच-पांच मिनिटांत रागाचा विस्तार व्हावयाचा नाहीं, ओळख मात्र होते.

त्या वेळीं ही तबकडी फारशी कोणीं घेतली नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंत शिकागोच्या 'फ्यूचर' या तरुणांच्या मंडळीनें जुन्या बाजारांत पडलेल्या त्याच टीबी-३०३ वरून 'ॲसिड ट्रॅक्स' काढिलें, आणि नृत्यसंगीताचा एक नवा पंथ सुरू झाला. मुंबईची तबकडी त्याच्या पांच वर्षें आधींची. २००२ मध्यें एदो बाउमन या डच संग्राहकास ती दिल्लींत सांपडली; २०१० मध्यें त्यानें ती पुन्हां प्रसिद्ध केली, आणि सत्तरीच्या घरांतल्या सिंग यांस युरोपांतून वादनाचीं आमंत्रणें येऊं लागलीं. २०१५ सालीं त्यांचें निधन झालें.

विद्यार्थ्यांनीं प्रथम भूपाळी ऐकावी. सा रे ग प ध एवढेच पांच स्वर. आधीं ते घरच्या पेटीवर सावकाश वाजवून पाहावे, मग ध्वनिमुद्रिका लावावी, आणि पेटीला जें आलें नाहीं तें कोणत्या जागीं ऐकूं येतें, तें वहींत टिपून ठेवावें.