आधी धुराडं, मग शेगडी

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे 20 सेल्सिअसच्या खाली जाणं नेहमीचंच. आमचं घर विजेवर तापतं. प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी हीटर आहेत. अशा घराला धुराड्याची गरज नसते, म्हणून बांधणाऱ्याने ते ठेवलंच नाही. पण बर्फाच्या ओझ्याने तारा तुटल्या की वीज जाते, घर गारठतं, नळांतलं पाणी गोठून पाइप फुटतात. 1998 च्या जानेवारीत इथे गोठणारा पाऊस पडत राहिला आणि न्यू इंग्लंडपासून क्युबेकपर्यंत लाखो घरं काळोखात बुडाली. शेजारची वडीलधारी मंडळी त्या दिवसांबद्दल अजून बोलतात. त्यांचं ऐकून आम्ही लाकडावर चालणारा स्टोव्ह घ्यायचं ठरवलं.

बसवणारा माणूस म्हणाला, “छपराला हात कशाला लावायचा? भिंतीतून पाइप बाहेर काढू, स्वस्तात काम होईल.” त्याने स्टोव्हचा साधा एकेरी पाइप लाकडी भिंतीतून आडवा नेला आणि बाहेर छपराच्या कडेखालीच संपवला. सुरुवातीला खोली छान ऊबदार झाली. मग एका रात्री निखारे विझत आले होते, स्वयंपाकघरातला पंखा चालू होता आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. धूर दिसत नव्हता, वास नव्हता, डोकं मात्र जड झालं होतं. आम्ही मुलांना उचलून बाहेर पडलो आणि अग्निशमन दलाला बोलावलं. पुढे भिंत उघडली तेव्हा पाइपालगतचं लाकूड काळं पडलेलं दिसलं. आणखी काही आठवडे गेले असते, तर ते आतल्या आत पेटलं असतं.

हे का झालं, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. धूर वर जातो तो गरम हवा हलकी असते म्हणून. धुराडं जितकं उंच, सरळ आणि उबदार, तितकी त्याची ओढ चांगली. आमचा पाइप आखूड, आडवा आणि बाहेरच्या थंडीत उघडा होता. निखारे मंदावल्यावर ओढ संपली, पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता आणि तिची भरपाई त्याच पाइपातून उलटी आत येत होती. आपल्याकडे पाणी तापवायच्या बंबाला एवढीशी चिमणी पुरते, कारण बंब मोकळ्या अंगणात असतो. दारं-खिडक्या घट्ट बंद केलेल्या घरात तो हिशेब चालत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: पाइप दोन प्रकारचे असतात. एकेरी पाइप फक्त स्टोव्ह असलेल्या खोलीत, तोही जळू शकणाऱ्या वस्तूपासून 18 इंच दूर. भिंत, माळा किंवा छप्पर ओलांडायचं, तर मध्ये उष्णतारोधक भरलेलं, दुहेरी पत्र्याचं, प्रमाणित धुराडंच हवं. त्याच्या भोवतीही साधारण 2 इंच मोकळी जागा सोडावी लागते. ती पोकळी कापूस-लोकर घालून बुजवायची नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथून निदान 3 फूट वर असावं, आणि 10 फुटांच्या आत छपराचा जो काही भाग असेल, त्याहून 2 फूट उंच. घराच्या आतून सरळ वर नेलेलं धुराडं उबदार राहतं, म्हणून ते बाहेरच्या भिंतीलगतच्या धुराड्यापेक्षा चांगलं ओढतं.

स्टोव्हच्या लेबलवर वेगळं अंतर दिलेलं नसेल, तर भिंतीपासून 36 इंच सोडा. खाली न जळणारी फरशी घाला आणि ती स्टोव्हच्या दारासमोर दीड फूट पुढे येऊ द्या. घर फार हवाबंद असेल तर स्टोव्हला बाहेरची हवा देणारी वेगळी नळी जोडून घ्या. नगरपालिकेचा परवाना काढा, तपासणी करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

लाकडाबाबत आळस नको. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा आणि तो मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ओकचं लाकूड फोडून रचल्यावर वाळायला दोन वर्षंही लागतात. ओल्या लाकडाचा थंड धूर धुराड्यात डांबरी थर धरतो, इथे त्याला क्रिओसोट म्हणतात. तो पेटला की धुराड्यातलं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. म्हणून दरवर्षी हिवाळ्याआधी जाणकाराकडून धुराडं तपासून, झाडून घ्यायचं.

छपराला भोक पाडायचंच नसेल, तर लाकडाच्या गोळ्यांचा पेलेट स्टोव्ह आहे. त्याचा धूर पंखा ढकलतो, म्हणून त्याचा खास पाइप भिंतीतून बाहेर काढता येतो. पण त्याला वीज लागते. वीज गेल्यावर ऊब हवी म्हणून स्टोव्ह घेणाऱ्याने बॅटरीची सोय असल्याशिवाय त्याच्या नादी लागू नये.

मनाली किंवा काश्मीरला थंडीत जाणाऱ्या मराठी मंडळींनाही हे सांगावंसं वाटतं. खोलीत बुखारी, म्हणजे तिकडची पाइप लावलेली शेगडी, असेल तर तिचा पाइप छपराबाहेर जातो का ते आधी पाहा. कोळशाची शेगडी घेऊन तर बंद खोलीत कधीच झोपू नका.

आता आमच्या घरात नियमाप्रमाणे सरळ वर गेलेलं धुराडं आहे. त्याला स्टोव्हपेक्षा जास्त पैसे पडले, आणि ते योग्यच होते. तुमच्या घराला धुराडं नसेल तर खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीवर तेच लिहा. तेवढे पैसे जमेपर्यंत स्टोव्ह दुकानातच राहू द्या.