आधी पाणी, मग गारवा

पोरी, लग्न होऊन तू पुण्याहून मालाडला आलीस आणि पहिल्याच एप्रिलमध्ये तुझी तक्रार आली, की इथे ऊन कमी पण जीव जास्त कासावीस होतो. खरं आहे. पारा ३३-३४ अंशांवरच असतो, पण समुद्रावरची दमट हवा अंगावरचा घाम वाळू देत नाही. घामातून पाणी जातं, त्याच्याबरोबर मीठही जातं. म्हणून इथे पेय नुसतं गार असून भागत नाही. त्यात पाणी चांगलं हवं, चिमूटभर मीठ हवं, आणि गारव्याचा नंबर त्यानंतर. तू अजून उलट्या क्रमाने चालतेस, फ्रिज उघडून बाटली थेट तोंडाला लावतेस, म्हणून हे लिहून पाठवते आहे.

१. सरबताचं पाणी आदल्या रात्री खळखळून उकळ आणि झाकून गार कर — पालिकेकडून पाणी शुद्ध होऊनच येतं, पण तुझ्या नळापर्यंत पोहोचताना ते सोसायटीच्या खालच्या टाकीतून, वरच्या टाकीतून आणि जुन्या पाइपांतून येतं. मे महिन्यात टँकर मागवावा लागला, तर उकळल्याशिवाय थेंबही वापरू नकोस.

२. बर्फ घरच्याच ट्रेमध्ये आणि त्याच उकळलेल्या पाण्याचा लाव — गोठवलं म्हणजे जंतू मेले असं होत नाही, बरेचसे नुसते थांबतात आणि ग्लासात बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. २०१८ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक केलं, ते याचसाठी. निळसर झाक दिसली तर तो बर्फ पोटात घालायचा नाही; आणि पांढरा दिसला म्हणूनही गाडीवरच्या लादीवर लगेच भरवसा ठेवू नकोस. बर्फ फुकट, दुखणं विकत.

३. माठ जमिनीवर कोपऱ्यात ठेवू नकोस, खिडकीजवळ वाऱ्यात तिवईवर ठेव — झिरपलेलं पाणी बाहेरून वाळतं तेव्हाच माठ गार होतो, आणि आपल्या दमट हवेत ते सावकाश वाळतं. नागपूरच्या माठाएवढा गारवा इथे मिळणार नाही, त्यात कुंभाराचा दोष नाही. बाहेरून रंगवलेला माठ मात्र घेऊ नकोस, रंगाने त्याची छिद्रं बुजतात.

४. साखर आधी साध्या पाण्यात विरघळव, लिंबू मग पिळ, बर्फ सगळ्यात शेवटी — गार पाण्यात साखर तळाशी बसते, तू आणखी दोन चमचे टाकतेस आणि शेवटचा घोट पाक होतो.

५. लिंबू पिळताना बिया गाळून काढ आणि साल फार दाबू नकोस — दोन्हींनी कडवटपणा उतरतो. लिंबं स्वस्त असतात तेव्हा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेव. ऐन उन्हाळ्यात एकेका लिंबाचा भाव विचारताना माझी आठवण येईल.

६. कुठल्याही सरबतात चिमूटभर मीठ घाल, गोड असलं तरी — घामाचं देणं मिठानेच फिटतं. घरात कुणाला रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर त्यांचं मीठ आणि पाणी डॉक्टरांना विचारूनच.

आता पन्हं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तुझ्या घरी बायका येतील तेव्हा वाटली डाळ थोडी कमी पडली तरी चालेल, पन्हं कमी पडता कामा नये.

७. कैरी कुकरच्या पाण्यात थेट टाकू नकोस, डब्यात ठेवून शिजव — साल फुटलं की अर्धा गर पाण्यात जातो आणि तू तेच पाणी ओतून देशील.

८. गूळ घालण्याआधी गर चाखून बघ — राजापुरी कैरी गराला भरपूर आणि आंबटपणाला सौम्य, गावठी कैरी दात आंबवणारी. एकच माप दोघींना लागू पडत नाही. एक वाटी गराला दीड वाटी गुळापासून सुरुवात कर, लागला तर वाढव.

९. गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घे — चांगल्या गुळातही कचकच निघते, आणि पाहुण्यांच्या दाताखाली ती नेमकी पहिल्या घोटाला येते.

१०. वेलची, केशर आणि मीठ घालून गर दाट ठेव, पाणी पिताना घाल — दाट गर काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये टिकतो, पाणी घातलेलं पन्हं दुसऱ्याच दिवशी उतरतं. बरणीत ओला चमचा गेला की बरणी गेली.

कोकमाबद्दल जरा बसून सांगते, कारण तुझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात कोकम म्हणजे आमटीत टाकायची आमसुलं, एवढीच ओळख.

११. दुकानात आगळ आणि अमृत कोकम यांतला फरक बघून बाटली उचल — आगळ हा मीठ घातलेला रस, तो सोलकढीसाठी. अमृत कोकम साखरेतला, तो सरबतासाठी. आगळात साखर घालून सरबत करायला गेलीस तर पाहुणे एक घोट घेऊन ग्लास हळूच खाली ठेवतील.

१२. एप्रिल-मे महिन्यांत ताजे रातांबे मिळाले तर सोडू नकोस. धुऊन पुरते कोरडे कर, बिया काढून सालांच्या वाट्यांत साखर भर आणि काचेच्या बरणीत थरावर थर लाव — साखर सालातलं पाणी ओढून घेते आणि काही दिवसांत पाक आपोआप सुटतो, गॅस पेटवावा लागत नाही. कोकणात अंगणातलं ऊन मिळतं, तुझ्याकडे बाल्कनी आहे. बरणीच्या तोंडाला पातळ फडकं घट्ट बांध, कबुतरं तुझ्याआधी तिथे पोहोचतात.

१३. बिया फेकू नकोस, वाळवून गावी पाठव — त्यांच्यापासूनच मुठेल निघतं, टाचांच्या भेगांवर लावायचं. इतकं देणारं फळ थोडं आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार बरं वाटलं.

१४. कोकम, कैरी, चिंच, लिंबू यांतलं काहीही बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नकोस — आंबटाने धातू पेयात उतरतो आणि पोट बिघडतं. रुखवतातला पितळी तांब्या शोभेलाच राहू दे.

१५. सोलकढी ज्या दिवशीची त्याच दिवशी संपव — नारळाचं दूध आपल्या हवेत झटकन आंबतं. आणि ती गरम करू नकोस, फुटेल.

१६. ताक ताज्या दह्याचं घुसळ आणि लागेल तेवढंच फ्रिजबाहेर काढ — दुपारभर ओट्यावर राहिलेलं ताक संध्याकाळी तोंड वाकडं करायला लावतं.

१७. सब्जा पूर्ण फुगल्याशिवाय मुलांना देऊ नकोस — कोरडं बी घशात जाऊन फुगतं.

१८. ताडगोळे सोललेले, उघड्यावर ठेवलेले घेऊ नकोस, सालासकट घेऊन घरी सोल — गोराई-मनोरीच्या बाजूचे ताजे ताडगोळे मिळाले तर त्यांच्यात काही मिसळायचं कारणच नाही, गार करून तसेच खा.

१९. कुणाला जुलाब लागले तर हे सगळं बाजूला ठेव. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा लहान चमचे साखर, सपाट अर्धा लहान चमचा मीठ, आणि घोटाघोटाने — माप चुकवू नकोस, जास्त साखरेने जुलाब वाढतात आणि जास्त मीठ लहान मुलांना घातक ठरतं. उन्हाने कुणी भ्रमिष्टासारखं बोलायला लागलं, तर सरबत पाजत बसू नकोस. सावलीत आण, अंग ओलं कर, वारा घाल आणि तडक दवाखान्यात ने.

आता तुझी कुल्फी. मागच्या वेळची सुरीने फोडावी लागली, असं जावईबापू म्हणाले. माणूस भला आहे, खाल्ली त्याने.

२०. म्हशीचं दूध घे, एक लिटरचं निम्मं होईपर्यंत मंद आचेवर आटव, कडेची साय खरवडून आत ढकलत राहा — कुल्फीत जितकं पाणी उरेल तितके बर्फाचे खडे होतात. आटवलं त्याने खाल्लं, घाई केली त्याने फोडलं.

२१. साखर दूध आटल्यावर घाल, आणि चव नेहमीपेक्षा किंचित जास्त गोड ठेव — आधी घातली तर दूध तळाला लागतं, आणि गोठल्यावर जिभेला गोडी कमी लागते. पण हात सैल सोडू नकोस, फार साखर झाली तर कुल्फी धरतच नाही.

२२. आंब्याचा रस दूध पुरतं गार झाल्यावरच घाल — गरम दुधात तो पडला की दूध फाटतं. कुल्फीसाठी मेच्या मध्यानंतरचा उतरत्या भावाचा हापूस घे. पहिल्या पेटीतला आंबा कुल्फीत घालणं मला पटत नाही, तो हाताने चोखायचा.

२३. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नकोस, परातीत पाणी घेऊन त्यात उभं कर — फ्रिजमधलं बाकी सगळं कोमट होतं.

२४. साचे काठोकाठ भरू नकोस — पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यानेच झाकणं उडतात आणि काचेच्या बाटल्या तडकतात.

२५. साच्यांवर घट्ट झाकण घाल, आणि मढहून आणलेली सुकट-बोंबील दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या कप्प्यात — दुधाची साय शेजारचा वास लगेच धरते. मला दोन्ही प्रिय आहेत, एकाच घासात नकोत.

२६. रात्री लाव आणि सकाळपर्यंत फ्रीजरचं दार उघडू नकोस, 'धरली का' ते बघायलासुद्धा — थंडी सुटली की गोठणं रेंगाळतं आणि खडे मोठे होतात. वीज जाऊन कुल्फी पातळ झालीच, तर परत गोठवू नकोस.

२७. साचा काढताना साध्या पाण्यात दहा सेकंद धर, गरम पाण्यात नको — बाहेरून वितळते आणि काडी एकटीच हातात येते.

२८. सासूबाईंच्या माळ्यावर आइस्क्रीमचा लाकडी पॉट आहे, तो उतरव. तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ घाल — मिठाने बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली जाऊन वितळतो आणि वितळताना दुधातली उष्णता ओढून घेतो. आतल्या डब्याचं झाकण खाऱ्या पाण्याच्या वर राहील एवढं बघ, आणि हँडल फिरवायला बिल्डिंगमधली मुलं बोलाव, ती आनंदाने येतात.

कैऱ्या निवडायला मी येईन. रविवारी सकाळी नऊच्या आत स्टेशनबाहेर भेट, उशीर केलास तर कडक कैऱ्या दुसरी कुणीतरी घेऊन जाईल. पिशवी कापडी आण, आणि मोठी आण.