बिस्मथ फेराइटचा पातळ थर

एकाच स्फटिकात विद्युत् ध्रुवीकरण आणि चुंबकीय व्यवस्था क्वचितच एकत्र नांदतात. बेरियम टिटॅनेटमध्ये टिटॅनियमचा अणू मध्यापासून किंचित सरकतो व स्फटिकास विद्युत् ध्रुव येतात. असे सरकणे साधते ते त्या अणूच्या डी-कक्षा रिकाम्या असल्यामुळे. चुंबकत्वाला तर नेमके त्याच कक्षांतील एकाकी इलेक्ट्रॉन हवेत! बिस्मथ फेराइट ही अडचण श्रमविभागणीने सोडविते. ध्रुवीकरण बिस्मथ सांभाळतो, चुंबकीय व्यवस्था लोह.

तथापि १९७० मध्ये मोजलेले त्याचे ध्रुवीकरण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ मायक्रोकूलॉम, म्हणजे फारच थोडे होते. पुढे २००३ मध्ये राममूर्ती रमेश यांच्या अमेरिकेतील गटाने पातळ थरात ५० ते ६० इतके ध्रुवीकरण नोंदविले. त्या निबंधाच्या लेखकांत पूर्वी पुणे विद्यापीठात असलेले सतीशचंद्र ओगले आणि बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील उमेश वाघमारे हेही होते.

असा थर वाढविण्याची रीत वर्णनाला सोपी आहे. निर्वात केलेल्या कक्षात अल्प दाबाचा ऑक्सिजन सोडतात. लेसरचे स्पंद पदार्थाच्या चकतीवर आदळून तिची वाफ उडवितात. ती वाफ सहाशे-सातशे अंश सेल्सिअसला तापविलेल्या स्ट्रॉन्शियम टिटॅनेटच्या स्फटिकावर बसते व त्याच्या अणुरचनेबरहुकूम थरावर थर चढतो. करणाऱ्याची कसोटी लागते ती मात्र बिस्मथपाशी. तो उष्णतेने निसटतो, म्हणून चकतीत थोडा जादाच घालतात. पण तो उरला तर निराळीच ऑक्साइडे तयार होतात. ऑक्सिजन कमी पडल्यास थरातून विद्युत्प्रवाह झिरपतो आणि मोजमाप फसते.

थराचे मोठे ध्रुवीकरण प्रथम आधार-स्फटिकाच्या ताणामुळे आले असे मानले गेले. पण २००५ मध्ये वाघमारे व सहकाऱ्यांच्या गणिताने दाखविले की, ताण नसलेल्या स्फटिकातही ते तेवढेच मोठे असले पाहिजे. २००७ मध्ये शुद्ध स्फटिकांवरील प्रयोगांनी यास दुजोरा दिला. उणेपणा पदार्थात नव्हता, जुन्या नमुन्यांत होता.

चुंबकत्वाची कथा उलट झाली. २००३ च्या निबंधातील प्रबळ चुंबकत्वाला २००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी आव्हान दिले. त्यांच्या थरांत ते अगदीच क्षीण होते. बिस्मथ फेराइटमध्ये शेजारी लोह अणूंचे चुंबकीय कल परस्परविरुद्ध असतात व जवळजवळ एकमेकांस खोडून काढतात. म्हणून पुढे त्याच्यावर कोबाल्ट-लोहाचा चुंबकीय थर चढविण्यात आला, आणि २०१४ मध्ये त्या थराचे चुंबकत्व सामान्य तापमानाला केवळ विद्युत् दाबाने उलटविता आले.